त्या दिवशी लाईट गेली तेव्हा

रत्नागिरीत आप्पांचं व्हीआर हेडसेटवालं (डोळ्यांवर यंत्र बांधून कॉम्प्युटरवरचं आभासी दृश्य दाखवतात ते) काउन्सेलिंग चालू आहे, कारगिलवरून आले तेव्हापासून नीट झोपच नाही त्यांना. आधी मला वाटलं हा काय पोरखेळ, पण अटलांटात 1997 साली व्हिएतनाम युद्धात लढलेल्या अमेरिकन सैनिकांना असंच हेलिकॉप्टर नि जंगल दाखवून उपचार केले होते म्हणे, डॉक्टर सोबत बसून, हळूहळू.

तर परवा धो धो पाऊस, मधेच लाईट गेली, कॉम्प्युटर बंद आणि हेडसेटमध्ये मिट्ट काळोख! आप्पा थेट टेबलाखाली. डॉक्टर इन्व्हर्टर बघायला पळाले, मी नुसती रडतेय. तेवढ्यात तिथली मशीन लावणारी मुलगी जमिनीवर बसली, हात नाही लावला, लांबूनच म्हणाली, "आप्पा, रत्नागिरीत आहात, पाऊस पडतोय, लाईट गेलीय. पट्टा मागे आहे, तुम्हीच सोडा." मग खिडकीचा ओला गज धरायला लावला, गार आहे का विचारलं, कलमांना यंदा मोहोर कसा होता तेही. वीसेक मिनिटं. तिची शेवटची एसटी चुकली, वॉचमनकाकांनी स्कूटरवर सोडलं तिला, स्वतः भिजत.

दोघांची नावं विचारायचीच राहिली हो. खूप खूप आभार. आप्पा गुरुवारी परत येतायत, तुमच्यासाठी फणसाचे गरे घेऊन.