वाडीवरची शाळा वाडीवरच राहू द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. राज्यातल्या १४ हजारांहून अधिक शाळांचा हा प्रश्न. खर्च, अपुरे शिक्षक, मुलांना बरोबरीचे सवंगडी मिळावेत ही काळजी, अशी कारणे दिली गेली. यातले शेवटचे कारण मला पटते. तरीही एकाही पाड्यावरच्या शाळेला कुलूप लावण्याआधी आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या शिक्षिका अनुताई वाघ यांचे चरित्र आपण नीट वाचावे, एवढ्यासाठी हे पत्र.

अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य माजघरातच सरायचे. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या, आणि बी.ए. झाल्या ते पन्नाशी उलटल्यावर. पुण्यात हुजूरपागा या मुलींच्या शाळेतली स्थिर नोकरी होती. १९४५ मध्ये ती सोडून त्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांबरोबर डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि पुढे जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर. १९९२ मध्ये त्या गेल्या, तोवर हेच काम चालू होते.

१९४५ हे साल साधे नव्हते. त्याच डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर मजुरीसाठी, माणूस म्हणून जगण्यासाठी लढा उभारत होते. ताराबाई आणि अनुताईंनी त्याच अन्यायाला दुसरीकडून हात घातला. मुलांना आंघोळ घालायची, त्यांची नखे कापायची, त्यांच्याशी गाणी म्हणायची, पाने-बिया-शंख मांडून मोजायला शिकवायचे. मला हे काम लढ्याहून जराही कमी वाटत नाही. ज्याच्या बापाला सावकार नावानेही हाक मारत नव्हता, त्या मुलाला कुणीतरी रोज प्रेमाने नावाने बोलावत होते.

मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. १९७५ पासून शासन अंगणवाड्या चालवते, त्यामागचा विचार असा आपल्याच मातीत आधी रुजला होता. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरीच राहायच्या. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. मुले गुरांमागे रानात जायची, तर कुरणशाळा निघाली आणि शिक्षक गुरांच्या मागे गेले. ‘या लोकांना शिक्षणाची आवडच नाही’ हे वाक्य तेव्हाही सर्रास ऐकू यायचे. अनुताईंनी दोष मुलांच्या माथी मारला नाही. शाळेची वेळ, जागा, पद्धत बदलली. सत्तरी ओलांडल्यावर, १९८२ मध्ये, त्यांनी रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था सुरू केली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मंत्रिमहोदय, समूह शाळेची दिशा नेमकी याच्या उलट आहे. तिथे मुलाने शाळेकडे जायचे. गाडी येईल, असे सांगतात. पावसाळ्यात ओढे भरले, रस्ता खचला, कंत्राटदाराचे बिल थकले की ती गाडी येत नाही. पहिलीतले पोर मग घरी राहते, आणि सर्वांत आधी मुलगी घरी राहते. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरचे अंतर सांगितले, ते लहान पावलांचा विचार करूनच.

सवंगड्यांची काळजी असेल, तर लहान शाळांना आठवड्यातून एक दिवस एकत्र आणा. कला, खेळ, विज्ञानाचे प्रयोग तेव्हा होऊ द्या. एका शिक्षकाला चार वर्ग सांभाळावे लागत असतील, तर त्याला बहुवर्ग अध्यापनाचे खरेखुरे प्रशिक्षण द्या आणि शेजारची शिक्षकाची रिकामी जागा भरा. पहिली दोन-तीन वर्षे वारली, भिली, कोरकू बोलणाऱ्या मुलांशी त्यांच्या बोलीत बोलू शकणारी माणसे नेमा. राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू करा, आणि ज्यांना आईबाप मागे ठेवणारच नाहीत त्यांच्यासाठी शिक्षक भट्टीवर पाठवा. कुरणशाळेला साधनांचा केवढा तुटवडा होता! आपल्याकडे अख्खे खाते आहे.

माझी मागणी एकच आहे. पट कितीही असो, आदिवासी भागातली कोणतीही शाळा ग्रामसभेच्या ठरावाशिवाय बंद किंवा समायोजित होणार नाही, असा शासन निर्णय काढा. आणि ती ग्रामसभा पाड्यावर भरवा, तालुक्याच्या सभागृहात नको. शाळेत मुले असणाऱ्या आया तिथेच मोकळेपणाने बोलतील.

आपली नम्र,
जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली एक शिक्षिका