किलोचा दर, फुटाचा दर आणि उक्ते काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीलगत माझे वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनचे लहान वर्कशॉप आहे. गेल्या महिन्यात बंगल्याला गेट आणि खिडक्यांना ग्रिल करून घेऊ पाहणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्यापुढे तीन कोटेशने ठेवली. एक किलोच्या दराने होते, दुसरे चौरस फुटाच्या दराने आणि तिसरे उक्ते, म्हणजे सगळ्या कामाचा मिळून एकच आकडा. मालाची जाडी मात्र तिन्हींपैकी एकातही लिहिलेली नव्हती. यातले स्वस्त कोणते, या त्यांच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. तेवढ्या माहितीवर ते कोणालाच देता आले नसते. आमच्या धंद्यात दर कसा बसतो हे ग्राहकाला ठाऊक असावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

किलोचा दर लोकांना सर्वांत विश्वासाचा वाटतो, कारण माल काट्यावर चढतो आणि पावती हातात मिळते. परंतु मजुरी वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, हे त्या पावतीत दिसत नाही. चार फूट रुंद आणि पाच फूट उंच अशी साधी ग्रिल घ्या. दर चार इंचांवर एक याप्रमाणे कडेच्या धरून तेरा उभे बार आणि चार आडवे बार लागतात, म्हणजे एकूण ८१ फूट चौरस बार आणि ५२ सांधे. दहा एमएमचा चौरस बार मीटरला ०.७८५ किलो भरतो, बारा एमएमचा १.१३ किलो, त्यामुळे पहिली ग्रिल सुमारे साडेएकोणीस किलोची होते आणि दुसरी सुमारे अठ्ठावीस किलोची. किलोमागे ३० रुपये मजुरी धरली, तर पहिल्या ग्रिलची मजुरी सुमारे ५८० रुपये होते आणि दुसरीची ८४० रुपये. कापायचे तुकडे मात्र तेवढेच, सांधेही तेवढेच. वेल्डिंगचा रॉड किंचित जास्त जळतो, इतकाच फरक. म्हणूनच किलोवर काम घेणारा कारागीर ‘मजबुतीसाठी बाराचाच बार घ्या’ असे सांगतो, तेव्हा त्यात त्याचाही स्वार्थ असू शकतो. हा सल्ला मीही पूर्वी दिलेला आहे. याउलट बारीक नक्षीचे काम वजनाला हलके आणि वेळखाऊ असते. ते किलोच्या दराने घेणारा नुकसानीत जातो, किंवा सांधे पूर्ण न जोडता नुसते टॅक मारून, म्हणजे ठिपक्यापुरते वेल्डिंग करून, सोडून देतो.

चौरस फुटाच्या दरात कल नेमका उलटा, म्हणजे माल हलका वापरण्याकडे असतो. एक इंची चौरस पाईप १६ गेजऐवजी १८ गेजचा वापरला की भिंतीची जाडी साधारण १.६ एमएमवरून १.२ एमएमवर येते आणि जवळजवळ पाव भाग लोखंड वाचते. एकदा प्रायमर आणि रंग चढला की दोन्ही पाईप डोळ्यांना सारखेच दिसतात. स्टेनलेस स्टीलमध्येही असेच घडते. चुंबक चिकटत नाही म्हणजे माल ३०४ या चांगल्या दर्जाचा, असा सर्वसाधारण समज आहे. पण २०२ दर्जाच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि त्यात निकेल कमी असल्याने ते स्वस्त मिळते व गंजाला लवकर बळी पडते.

यापलीकडचे खर्च ग्राहकाला बहुधा दिसतच नाहीत. वीस फुटी पाईपमधून साडेचार फुटांचे चारच तुकडे निघतात. उरलेले दोन फूट, म्हणजे दहावा हिस्सा, आम्ही नव्या मालाच्या भावाने घेतलेले असतात आणि भंगाराच्या भावाने विकतो. रॉड, कटिंग व्हील, ग्राइंडिंग, वीज आणि टेम्पो आहेतच. पण सर्वांत बेभरवशाचा खर्च जागेवर बसवण्याचा. गवंड्याने खांब ओळंब्यात घेतला नसेल, किंवा माप घेतल्यानंतर गिलावा चढून अर्धा इंच जागा कमी झाली असेल, तर वेल्डर आणि हेल्पर या दोघांचा अख्खा दिवस जातो आणि तो दिवस कोणत्याच दरात धरलेला नसतो. कारखान्यांच्या कामात माल त्यांचा आणि मजुरी आमची असते. तिथे पैसे अडकण्याचाही खर्च असतो. सूक्ष्म व लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातलेले आहे, परंतु पुढचे काम हवे असलेला माणूस उशिराचे व्याज मागायला जात नाही.

लोखंडाचा भाव हा आणखी एक विषय. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये भाव इतके चढले, की इसार घेऊन दर पक्का केलेल्या एका शेडच्या कामात माझी सगळी मजुरी मालातच गेली. पुढे २२ मेपासून केंद्राने पोलादावर निर्यात शुल्क लावले आणि भाव उतरले. पण तोवर माझा माल खरेदी करून झाला होता. तेव्हापासून माझ्या कोटेशनवर दराची मुदत लिहिलेली असते.

आता मी मालाचे आकारमान, जाडी आणि अंदाजे वजन लिहितो; मजुरी कामाचे दिवस मोजून वेगळी दाखवतो; रंग, वाहतूक, बसवणे आणि १८ टक्के जीएसटी स्वतंत्र ओळींत मांडतो. असे कोटेशन उक्त्या आकड्यापेक्षा महाग दिसते आणि त्यामुळे काही कामे हातची जातात, हेही खरे आहे. त्या गृहस्थांनीही शेवटी गेट दुसरीकडेच करून घेतले. मात्र तिथे त्यांनी पाईपचे गेज लिहून घेतले आणि रंगापूर्वी काटापावती देण्याची अट घातली.

आपला नम्र,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक
कुपवाड, जि. सांगली