पप्पांचा भांग कुठून पाडायचा हे पप्पांनाच विचारणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

नाताळनंतरच्या तीन राजांच्या सणाच्या दिवशी संध्याकाळी पप्पांना सांभाळायची ड्युटी संपवून तुम्ही निघालात तेव्हा तुम्हाला जव्हारची एसटी पकडायची होती, मी डबा भरून बाहेर येईपर्यंत तुम्ही पप्पांच्या पायाला हात लावून गेटपाशी पोचलासुद्धा होतात. त्यामुळे जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. आता लिहितेय, सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगते, कारण त्याशिवाय वाचणाऱ्यांना कळणार नाही की एवढ्याशा गोष्टीसाठी ही बाई एवढं का लिहितेय. ऑक्टोबरमध्ये पप्पांना स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात पाय गेला आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे समजणं नाही गेलं, त्यांना सगळं कळतं, कोण आलंय, काय बोलतंय, फक्त शब्द सापडत नाही, सापडला तरी तोंडात यायला वेळ लागतो. पण हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ होता? ज्या हॉस्पिटलमध्ये होतो तिथे राउंडला येणारा जो तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून मला विचारायचा, पेशंटला कळतं का, पेशंट जेवला का. पेशंट समोर डोळे उघडे ठेवून बघतोय आणि विचारायचं मला. घरी आल्यावर नातेवाईकांचंही तेच. खोलीच्या दारात उभे राहून हळू आवाजात, जसे काही पप्पा तिथे नाहीतच.

आणि मग नाताळ जवळ आला तसे फोन सुरू झाले. यंदा काही करू नका, कशाला दगदग, त्यांना काय कळणार आहे. अरे ज्या माणसाने वसईच्या आमच्या वाडीत अख्खं आयुष्य दर नाताळला गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, केला त्याला नाताळ कळणार नाही? एक सख्खा भाऊबंद मिस्सेला, म्हणजे नाताळच्या रात्रीच्या प्रार्थनेला, न्यायला गाडी घेऊन येणार होता, त्याने ऐनवेळी फोन उचलला नाही. घरी पेशंट सांभाळायला माणसं पाठवणाऱ्या आधीच्या ब्युरोने २४ आणि २५ डिसेंबरचे डबल पैसे मागितले, आम्ही हो म्हटलं, आणि २३ च्या रात्री मेसेज, माणूस नाही. एवढंच, सॉरी पण नाही. दुसऱ्या ब्युरोने २४ ला सकाळी तुम्हाला पाठवलं तेव्हा खरं सांगते, माझी काही अपेक्षाच उरली नव्हती, आंघोळ घालून औषधं दिली तरी पुष्कळ असं मनात म्हटलं.

तुम्ही आलात, चपला बाहेर काढल्या, हात धुतले आणि सरळ पप्पांच्या समोर खुर्ची ओढून बसलात. बसलात, हे मला आधी दिसलं. मग त्यांची दाढी केलीत, अंग पुसलंत, नवा शर्ट घातलात, आणि कंगवा हातात घेऊन विचारलंत, बाबा, भांग कुठून पाडता तुम्ही?

मी स्वयंपाकघरातून सांगणार होते, डावीकडून म्हणून, तोंड उघडलंच होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत. तुम्ही पप्पांकडे बघत थांबलात. कंगवा तसाच हातात. पप्पांच्या ओठांची हालचाल झाली, आवाज नाही आला, परत झाली, मला ते बघवेना, आपणच सांगून टाकावं असं वाटत होतं, पण तुम्हाला काही घाईच नव्हती. शेवटी पप्पांनी डावा हात उचलला आणि डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवला. तुम्ही म्हणालात, अच्छा, इकडून, आणि अगदी सरळ रेघ पाडून आरसा समोर धरलात, बरोबर झाला का ते बघायला. पप्पांनी मान हलवली.

स्ट्रोकनंतर कोणीतरी पप्पांना पहिल्यांदा काही विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबलं. दादा, तुम्ही नंतर बरंच काही केलंत, पण माझ्यासाठी नाताळ त्या कंगव्यापाशी सुरू झाला, मी आत जाऊन ओट्याला धरून रडले.

मग गोठ्याचं. तुम्ही विचारलंत की कोपऱ्यात हे टेबल रिकामं का ठेवलंय, आणि मी सांगितलं की पप्पा दरवर्षी तिथे गोठा करतात. आमच्या पप्पांचा गोठा म्हणजे बेथलेहेम नसतं, वसईची वाडी असते. ब्राऊन पेपर चुरगाळून डोंगर सगळेच करतात, पण पप्पा त्यात विहीर करतात, विहिरीवर रहाट, केळीची झाडं, पानवेलीचा मांडव, आणि आरशाचा तुकडा ठेवून बावखल, म्हणजे वाडीतलं तळं. आमच्या वाडीमागचं खरं बावखल केव्हाच भरणी टाकून बुजवलं, तिथे आता बिल्डिंग आहे, पण पप्पांच्या गोठ्यात ते दरवर्षी असतं. हिरवळीसाठी डिसेंबरच्या सुरुवातीला ताटलीत नाचणी पेरायची, नाताळपर्यंत बोटभर वर येते. यंदा माझ्या लेकीने आजोबांचं बघून बघून ती पेरून ठेवली होती, पण गोठा उभा करायला घरात कोणाचं मन होत नव्हतं.

तुम्ही ट्रंक उघडलीत. एकेक पुतळा काढून पप्पांच्या डाव्या हातात द्यायचा, आणि विचारायचं, बाबा, हा कुठे? ते बोट दाखवणार तिथे ठेवायचा. चुकीचं ठेवलं की पप्पा घशातून आवाज काढायचे, तुम्ही परत उचलायचात. तो गोठा उभा राहायला दुपार गेली, लेकीने दोनदा चहा केला, आणि मला सगळ्यात आठवतं ते गाईचं. गाय आणि गाढव पप्पांनी जसे दरवर्षी ठेवतात तसे लोकांकडे तोंड करून ठेवायला सांगितले, म्हणजे बघणाऱ्यांना छान दिसावेत. तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, पण बाबा, गव्हाणीत पेंढा आहे आणि गाय तिकडे पाठ करून बसेल होय? आमच्याकडची तर नाही बसत. आणि पप्पा हसले. आवाज करून हसले. ऑक्टोबरनंतर तो आवाज आम्ही ऐकला नव्हता. मग दोघांनी मिळून गाय गव्हाणीकडे वळवली.

पप्पा बोलू शकले असते तर त्यांनी तुम्हाला नक्की सांगितलं असतं, वाडीतल्या प्रत्येक पोराला सांगितलंय त्यांनी, की असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावात गोठ्याचा देखावा केला तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत आणलं होतं, कारण लोकांना दिसलं पाहिजे होतं की देवाचं बाळ कुठल्या गरिबीत जन्माला आलं. आता वसईत गावागावात पोरं मोठमोठे देखावे करतात, स्पर्धा असतात, लायटिंग असतं, रात्री रात्री लोक बघत फिरतात, आणि मला ते आवडतंच, लेकीला घेऊन मीही फिरते. पण आमच्या घरच्या गोठ्यातली गाय या वर्षी ज्याने गाईचं वागणं खरोखर पाहिलंय त्याच्या हाताने बसली, हे पप्पांना फार भावलं. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी गाय दाखवत होते.

मिस्सेला कसं नेलं ते लिहीत बसत नाही, गाडीवाल्याने दगा दिल्यावर तुम्ही काय काय केलंत ते तुम्हाला माहितीये. आपण मैदानात पोचलो तेव्हा कॅरल चालू होती. थंडी होती, तुमचा मफलर पप्पांच्या गळ्यात होता. ग्लोरियाला, म्हणजे मिस्सेतल्या स्तुतिगीताला, घंटा वाजल्या आणि कॉयरने या वेळी जुनं लॅटिन घेतलं, ग्लोरिया इन एक्सेल्सिस देओ. पप्पा लहानपणी चर्चमध्ये मिस्सेला सेवा करायचे तेव्हा सगळं लॅटिनमध्येच असायचं, दुसरी व्हॅटिकन परिषद झाली १९६२ ते ६५ मध्ये, त्यानंतर आपल्याकडे मिस्सा मराठीत आली. म्हणजे ते लॅटिन त्यांच्या आत साठ वर्षांपूर्वीचं पडलेलं. तुम्ही वाकून माझ्या कानाशी म्हणालात, ताई, बाबा बोलतायत. बोलत नव्हते, गात होते. शब्द स्पष्ट, सूर थोडा हलणारा, पण अख्खी ओळ. नंतर थेरपिस्टनी सांगितलं की असं होतं, बोलायचे शब्द अडतात पण पाठ असलेलं गाणं बऱ्याच पेशंटना येतं, गाण्याचं काम मेंदूच्या दुसऱ्या बाजूला जास्त चालतं. ते असेल. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की माझे वडील ग्लोरिया गातायत आणि माझ्याआधी ते तुम्हाला ऐकू आलं, कारण तुम्ही त्यांच्याकडे लक्ष देऊन उभे होतात. तुमचं तर ते दैवतही नव्हे, भाषाही नव्हे. हात जोडून मागे उभे होतात, शांतीच्या अभिवादनाला आजूबाजूच्या लोकांनी वळून तुम्हालाही नमस्कार केला, तुम्ही लाजलात.

मिस्सा सुटल्यावर नेहमीसारखी गर्दी, हॅपी ख्रिसमस, गळाभेटी, कॉफीचे कप. आणि लोक आमच्याकडे यायला लागले. पप्पांना सगळी वाडी ओळखते. पण येणारा प्रत्येक जण मला विचारत होता, कसे आहेत गं आता? खातात का? ओळखतात का? माणसं वाईट नाहीत, प्रेमानेच विचारत होती, त्यांना सुचत नव्हतं दुसरं. तेव्हा तुम्ही व्हीलचेअरचा दांडा धरून अगदी साधेपणाने त्या म्हाताऱ्या काकांना म्हणालात, बाबांनाच विचारा ना, सांगतात ते.

काका गप्प झाले. मग खाली वाकले, पप्पांचा हात हातात घेतला आणि विचारलं, कसा आहेस? आणि थांबले. तुम्ही थांबलात तसेच थांबले. पप्पांनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, ब... बरा.

त्यानंतर जो आला तो वाकला. एकाचं बघून दुसऱ्याने. कोणी कोणाला सांगितलं नाही पण त्या रात्री त्या मैदानात पन्नाससाठ माणसं तरी पप्पांशी बोलली असतील, पप्पांबद्दल नाही. दुसऱ्या दिवशी घरी येणारेही आधी खुर्ची ओढून समोर बसायला लागले. ते दारात उभं राहून कुजबुजणं बंद झालं.

बाकी दिवसही तुम्ही तसेच होतात. कुलकुलं आणि करंज्यांची ताटं शेजारी पाठवायची तेव्हा कुठलं ताट कोणाला ते पप्पांना विचारूनच लेकीच्या हातात दिलंत, समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशी काकू, खालचे पटेल, सगळी नावं त्यांनी बोटाने आणि डोळ्याने सांगितली. बाळ येशूला भेटायला येणाऱ्या तीन राजांचे उंट खिडकीपासून गोठ्याकडे निघाले तेव्हा रोज सकाळी तुमचा प्रश्न, बाबा, आज कुठपर्यंत? आणि पप्पा दाखवायचे तेवढेच पुढे सरकवायचात, जास्त नाही. ३१ ला पोरांनी म्हातारा, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळला तेव्हा त्यांना खिडकीत बसवलंत. आमच्या लेकीने मला सांगितलं की मोठं होऊन ती असं काहीतरी शिकणार आहे ज्यात आजारी माणसांशी बोलायला लागतं.

मला हेही माहितीये की तुमच्या घरी तुमची स्वतःची मुलं होती त्या दिवसांत. पालघर जिल्ह्यातून, जव्हार मोखाड्याकडून किती मुलं, किती बायका इकडे येतात, बारा बारा तासांची ड्युटी करून दुसऱ्यांचे आईबाप उचलतात, पुसतात, भरवतात, आणि लोक त्यांना ए ब्युरोवाला म्हणून हाक मारतात, नावही विचारत नाहीत. कोणाच्या घरी सण असला की हेच लोक लागतात आणि पैशाची घासाघीसही यांच्याशीच. मी तुमच्या ब्युरोला फोन करून सांगितलंय की तुमच्याबद्दल लेखी देते, ते द्यायला मी स्वतः जाणार आहे. चांगल्या वागण्याचा कागद कोणी करत नाही, तक्रारीचा लगेच करतात, म्हणून मी करणार. आणि ज्यांनी २३ च्या रात्री एक मेसेज टाकून आम्हाला वाऱ्यावर सोडलं त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तुमच्या यादीत पेशंट म्हणून जे नाव लिहिलेलं असतं तो कोणाचा तरी बाप असतो, आणि त्याला २४ तारीख कळत असते.

दादा, डबा राहिला तो राहिला, पण सुकेळी, कुलकुलं आणि केक मी वेगळे बांधून ठेवलेत, मुलांसाठी. तुमच्या गावचा पत्ता पाठवा, नाहीतर इकडच्या ड्युटीवर आलात की घेऊन जा, पण ड्युटी म्हणून नको, पाहुणे म्हणून या, जेवायला या, वहिनींना आणि मुलांना घेऊन या. आणि रविवारी दुपारी चारनंतर एक फोन करा. पप्पांना तुमच्याशी बोलायचंय, ते रोज सकाळी थेरपिस्टबरोबर तुमचं नाव घोकतायत, पहिलं अक्षर यायला लागलंय. फोन त्यांच्या कानाला मी धरीन. वेळ लागेल, पण ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुमची,
वसईची ताई