खोदणाऱ्यांची नावेही फलकावर हवीत

महोदय,

गेल्या डिसेंबरात मुलीबरोबर इजिप्तला गेले होते. लक्सरला नाईलच्या पश्चिम तीरावर, राजांच्या दरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत तुतानखामेनची कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टर यांचे घर आहे. मातीच्या विटांचे, घुमट असलेले हे बैठे घर २००९ पासून संग्रहालय झाले आहे. बाकीची मंडळी शेजारी उभारलेली कबरीची प्रतिकृती पाहायला गेली. मी घरातच रेंगाळले. लिहायचे टेबल, स्वयंपाकघर, फोटो धुण्याची अंधारी खोली. ४ नोव्हेंबर १९२२ ला सकाळी कार्टर कामावर पोचले तेव्हा सगळीकडे शांतता होती. मजुरांना दगडात कोरलेली पायरी लागली होती, म्हणून काम थांबले होते. म्हणजे पहिली पायरी पाहिली ती मजुरांनी!

मला आबांची आठवण आली. आमचे आबा इनामगावच्या (ता. शिरूर) तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या उत्खननात मजूर होते. घोड नदीकाठच्या त्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर १९६८ ते १९८३ या काळात काम चालले. तोंडाला तोंड लावून पुरलेल्या दोन रांजणांत लहान मुलाची हाडे असत. आबा सांगायचे, "रांजणाचा काठ दिसला की खुरपं बाजूला ठेवायचं, मग नुसता कुंचला." मातीचा रंग बदलला की थर बदलला, हे त्यांना बोटांनी कळे. शाळा त्यांनी पाहिलेली नव्हती.

कार्टर यांनी आपल्या ग्रंथात अहमद गरीगर, गाद हसन, हुसेन अबू अवाद आणि हुसेन अहमद सईद या चार मुकादमांची नावे कृतज्ञतेने नोंदवली आहेत. तिकडे मुकादमाला 'रईस' म्हणतात. टोपल्या वाहणारी पोरे मात्र तिथेही बिननावाचीच राहिली.

माझी विनंती एवढीच, की इनामगावच्या वस्तू जिथे जिथे मांडल्या आहेत तिथे खोदणाऱ्यांच्या नावांचा एक फलक लावावा. त्यांतले जे हयात आहेत ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनी दोन दिवस गावात मुक्काम केला, पारावर बसून विचारले, तर यादी होईल. आबांबरोबर काम केलेल्या सात जणांची नावे मी वहीत लिहून ठेवली आहेत. कोणी आले तर ती वही द्यायला मी तयार आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, शिरूर