बुलडॉग ट्रॅक्टरच्या ओतकामासाठी आवाहन : सिलिंडर मृगाच्या आत ओतायचा आहे

समस्त ग्रामस्थ, शेतकरी बंधू-भगिनी आणि पोटापाण्यासाठी पुणे, नाशिक, सुरतेला गेलेली आपली मंडळी, सर्वांना मंडळाचा सप्रेम नमस्कार.

शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय चाललंय हे गावाला नव्याने सांगायला नको. जर्मनीतल्या मॅनहाइमच्या लान्झ कंपनीने १९२१ साली काढलेल्या ‘बुलडॉग’ ट्रॅक्टरची, म्हणजे पहिल्यावहिल्या एचएल मॉडेलची, पूर्ण मापाची आणि स्वतःच्या इंजिनावर चालणारी प्रतिकृती आपलं मंडळ करतंय. चासी उभी राहिली, लोखंडी चाकं बसली, सिलिंडरचा लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूच्या साच्यासाठीचा नमुना, तयार झाला. आता ओतकाम. फाउंड्रीवाल्या भाऊंनी आखाजीनंतरच्या आठवड्यात भट्टीत आपल्यासाठी जागा राखून ठेवली आहे आणि मंडळाकडे ओतकामाला वापरता येतील असे निम्मेही पैसे नाहीत. म्हणून हे पत्र.

मागण्याआधी ज्यांनी दिलं त्यांची आठवण काढणं मंडळाचं कर्तव्य आहे. जुनी यंत्रं जपणाऱ्या आपल्या मंडळाची सुरुवात मोटेपासून झाली. सुतारदादांनी मोटेचं चाक बाभळीच्या लाकडात कोरून दिलं, नाडा-सोंदूर वळून देणारे बाबा आज आपल्यात नाहीत. पण पोळ्याला मोट धावेवर चालते तेव्हा त्यांचेच हात चालतात असं आम्ही मानतो. मग जिनिंगवाल्या शेठजींनी लिस्टर पद्धतीचं सहा हॉर्सपॉवरचं इंजिन दिलं. भंगारवाला दारात उभा असताना त्यांनी ते आपल्याकडे पाठवलं, हे विसरता येणार नाही. साडेसहाशे आरपीएमचं ते इंजिन आज एका हँडलात सुरू होतं. उसाचा तीन लाटांचा चरक पलीकडच्या गावच्या पाहुण्यांनी बैलगाडीभाड्यासकट पोहोचवला.

बुलडॉगच्या कामात तर देणाऱ्यांनी कमालच केली. ड्रॉइंगच्या सरांनी निवृत्तीनंतर सगळे नकाशे हाताने काढले. प्रसिद्ध झालेली मापं जिथे मिळाली तिथे ती घेतली, बाकीची जुन्या फोटोंवरून प्रमाणात काढली आणि अशा प्रत्येक मापापुढे लाल शाईने ‘अंदाज’ लिहिलं. त्यामुळे पुढे कुणाला अस्सल माप मिळालं तर नेमकं काय बदलायचं ते कळेल. भुसावळच्या लोको शेडमधून रिटायर झालेल्या काकांनी तो प्रत्येक कागद तपासला. वेल्डिंगवाल्या नानांनी चासीच्या कामाचा एक रुपया घेतला नाही, रॉडसुद्धा स्वतःचे वापरले. सुरतेच्या पोरांनी वर्गणी काढून चाकांसाठी पाटा दिला. आणि वरच्या आळीतला जुना वाडा उतरवला तेव्हा मालकांनी सागाच्या दोन तुळया पॅटर्नसाठी दिल्या. ही देणगी वाटते त्यापेक्षा फार मोठी. नव्या लाकडाचा पॅटर्न उन्हाळ्यात वाकतो आणि वाकलेल्या पॅटर्नवर ओतलेला सिलिंडर लेथवर चढवला की एका बाजूला कातायला धातू उरतच नाही. एवढं मुरलेलं सागवान बाजारात पैसे मोजूनही मिळालं नसतं. बचत गटाच्या ताई दर रविवारी वरण-बट्टी पाठवतात, त्याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही, ठेवणारही नाही.

हाच ट्रॅक्टर का, असं पुष्कळ जण विचारतात. फ्रिट्झ हूबर नावाच्या इंजिनिअरने तो आखला आणि १९२१ साली लाइपझिगच्या कृषी प्रदर्शनात तो प्रथम लोकांसमोर आला. एकच आडवा सिलिंडर, १९० मिलिमीटर बोअर (आतला व्यास), २२० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे सहा लिटरच्या वर. ४२० आरपीएमला फक्त १२ हॉर्सपॉवर. सिलिंडरला व्हॉल्व्ह नाहीत, स्पार्क प्लग नाही, कार्बोरेटर नाही, वेग बदलायचा गिअरबॉक्ससुद्धा नाही. सिलिंडरच्या तोंडावर पुढे आलेला पोकळ गोळा असतो, तोच हॉट बल्ब. तो बत्तीने तापवायचा, त्यात तेल फवारलं की ते पेटतं, आणि एकदा इंजिन चालू लागलं की स्वतःच्याच उष्णतेवर बल्ब तापलेला राहतो. जड, स्वस्त, कसलंही तेल चालतं. पुढे याच घराण्याच्या नकला पोलंडमध्ये उर्सुस, फ्रान्समध्ये पर्शरॉन, अर्जेंटिनात पाम्पा या नावांनी निघाल्या. १९५६ मध्ये लान्झ कंपनी जॉन डिअरने घेतली. पहिल्या मॉडेलचे ट्रॅक्टर मात्र मोजकेच उरलेत आणि तेही संग्रहालयांत नाहीतर जुन्या यंत्रांच्या संग्राहकांकडे. तो विकत आणणं आपल्या कुवतीबाहेरचं आहे. बनवणं मात्र आपल्या कुवतीतलं आहे, कारण त्यात असा एकही भाग नाही जो खान्देशातला चांगला टर्नर, चांगला ओतारी आणि चांगला फिटर मिळून करू शकणार नाही. आयटीआयच्या पोरांना सगळं इंजिन उघड्यावर दिसेल. आजच्या ट्रॅक्टरचं बॉनेट उघडलं तर वायरी आणि सेन्सर दिसतात. यात तेल कुठे पडतं, पेट कुठे घेतं, धूर कुठून जातो, हे हात लावून शिकता येतं.

आता ओतकामाचं. घाई का, ते नीट समजून घ्यावं ही विनंती. सिलिंडरभोवती पाण्याची पोकळी आहे. ती पोकळी होण्यासाठी साच्यात वाळूचा कोअर बसवतात. हा कोअर तेलात बांधून भट्टीत भाजलेला असतो, पण हवेत दमटपणा आला की तो ओल ओढतो. वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) त्यावर पडलं की त्या ओलीची वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही तर ती धातूत अडकते आणि सिलिंडरच्या भिंतीत मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. बाहेरून कास्टिंग छान दिसतं, लेथवर दोन मिलिमीटर कातलं की भोक उघडं पडतं. मग ते कास्टिंग पुन्हा भट्टीत. म्हणून मृग लागायच्या आत ओतायचं. ही वेळ हुकली तर थेट दिवाळीनंतर, आणि फाउंड्रीवाले तेव्हा पुन्हा जागा देतील याची खात्री नाही. इतर कामाच्या बिडाबरोबर आपलं ओततात म्हणून दर परवडतो. आपल्या एकट्यासाठी कुणी भट्टी पेटवणार नाही.

पॅटर्नमध्ये बीड आकसण्यासाठी मीटरला दहा मिलिमीटर आणि कातण्यासाठी प्रत्येक बाजूला पाच मिलिमीटर जादा धरलं आहे. बोअर आधी १८४ ला ढोबळ कातून कास्टिंग काही दिवस उन्हात ठेवायचं, म्हणजे आतला ताण थोडाफार मोकळा होतो. मगच १९० ला फिनिश आणि होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं). पाण्याच्या पोकळीची तीन किलो दाबावर अर्धा तास पाण्याने चाचणी होईल. पिस्टनही बिडाचाच, गाळा (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) ०.२० ते ०.२५ मिलिमीटर. यापेक्षा कमी ठेवला तर आपल्या मे महिन्यात पिस्टन जाम होणार, जास्त ठेवला तर सुरू करतानाच दाब निसटणार.

फ्लायव्हील वेगळं ओतायचं आहे. व्यास ९०० मिलिमीटर, वजन १८० ते २०० किलो. ४२० आरपीएमला त्याच्या कडेचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आत राहतो. बिडाच्या फ्लायव्हीलला जुने लोक पंचवीस-तीसपर्यंत चालवत, म्हणजे आपण सुरक्षित आहोत, पण आरे तडकलेले नसतील तरच. कडा जाड आणि आरे बारीक असल्याने आरे आधी थंड होतात, कडा मागून आकसते आणि जोडावर चीर जाते. घाईने साचा फोडला की हे हमखास होतं. दोन-तीन दिवस वाळूतच थंड होऊ द्यावं लागतं, तेवढे दिवस फाउंड्रीची जागा अडते आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. हा खर्च वाचवण्याचा सल्ला कृपया कुणी देऊ नये.

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धावेने गोल फिरणारा दांडा, एन-८ पोलादाचा, फोर्जिंग करून (तापवून, ठोकून घडवून) आणायचा. क्रँकची पिन आणि वेब (तिला धरणारा आडवा हात) यांच्या कोपऱ्यात पाच मिलिमीटरची गोलाई हवी, कोपरा चौकोनी राहिला तर तिथूनच तडा जातो. हॉट बल्ब साध्या बिडाचा केला तर रोज तापून-थंड होऊन फुटेल, म्हणून तो ३१० ग्रेडच्या स्टेनलेसचा आणि सोबत एक जादा. टू-स्ट्रोक असल्याने क्रँककेसमधल्या (क्रँकभोवतीच्या बंद पेटीतल्या) हवेच्या दाबावरच सिलिंडर भरतो. बेअरिंगच्या टोकांचे सील गळले तर इंजिन नुसतं काळा धूर ओकेल आणि ताकद देणार नाही. उलट क्रँककेसमध्ये तेल साठू दिलं तर इंजिन तेच तेल ओढून घेतं आणि डिझेल बंद केलं तरी पळत सुटतं. त्यासाठी खाली ड्रेन कॉक आणि हवेच्या तोंडावर झाकण, दोन्ही पहिल्या दिवसापासून बसवणार. तेल फवारणाऱ्या पंपाला साध्या एक-सिलिंडर डिझेल पंपाचा आठ मिलिमीटरचा प्लंजर चालतो. पूर्ण लोडवर एका फेऱ्याला साधारण ०.१७ मिलिलिटर तेल लागेल असा हिशेब आहे. नोझल टपकता कामा नये, टपकला की बल्बमध्ये तेल साचून इंजिन ठोके मारतं.

चाक चार फुटी, वेग ताशी चार किलोमीटर, म्हणजे बैलाच्या चालीचा. त्यासाठी इंजिनापासून चाकापर्यंत २४ ला १ घट लागते. सहा ला एक गिअरमध्ये, चार ला एक चेनमध्ये अशी वाटणी ठरली आहे. रिव्हर्स गिअर नाही. मागे जायचं तर तेल कमी करून इंजिन थांबायच्या बेतात आणायचं आणि नेमक्या क्षणी तेल द्यायचं, की ते उलटं फिरू लागतं. हे पाहायला आसपासच्या तालुक्यांतून लोक येतील, याची आम्हाला खात्री आहे. पाणी उकळून वाफ होऊनच इंजिन थंड राहतं, तासाला पंधरा-वीस लिटर लागेल. आपल्या बोअरवेलचं पाणी क्षाराचं, ते वापरलं तर पोकळीत खपली धरेल. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचंच वापरायचं.

प्रतिकृती म्हणजे प्रतिकृती. प्रत्येक मोठ्या भागावर तसं कोरलं जाईल, म्हणजे उद्या कुणी अस्सल म्हणून विकू शकणार नाही.

एक गोष्ट मनाला लागलेली आहे, ती लिहितो. पोळ्याला इंजिनापुढे उभं राहून फोटो काढायला सगळं गाव येतं. मागच्या वर्षी याच कामासाठी घरोघरी पत्रकं वाटली, तेव्हा पावत्या फाटल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. स्टेजवरून माइकवर जाहीर झालेल्या काही रकमा अजून जाहीरच आहेत. एका मोठ्या संस्थेने शेडच्या फरशीचं आश्वासन दिलं, पेपरात बातमीही आली, फरशी आली नाही. कुणावर राग नाही. पण शाळेतली पोरं सुट्टीत येऊन चाकाला पॉलिश पेपर मारतात आणि मोठी माणसं बाहेरूनच ‘चालणार का रे हे?’ विचारून जातात, तेव्हा वाईट वाटतं. चालणार आहे. आत येऊन बघा एवढंच म्हणणं आहे. बियाणं-खताचे दिवस तोंडावर आलेत हे आम्हालाही कळतं, आम्हीही शेतकरीच आहोत. ज्याला जे जमेल ते द्यावं, शंभर रुपयांचीही पावती मिळेल आणि नाव फलकावर लागेल.

खर्च असा : सिलिंडर, क्रँककेस, पिस्टन मिळून ओतकाम ६२,०००, फ्लायव्हील व पुली २९,०००, क्रँक फोर्जिंग, कातकाम, ग्राइंडिंग ७४,०००, बोअरिंग-होनिंग १८,०००, हॉट बल्ब (दोन) २२,०००, गनमेटल बुश, सील, रिंगा १६,०००, पंप-नोझल ९,०००, गिअर-चेन ४१,०००, वाहतूक, क्रेन, विमा १४,०००. एकूण २,८५,०००. जमा १,०७,०००. ओतकाम व फ्लायव्हीलचे ९१,००० यातूनच भागले असते, पण क्रँकचा ५०,००० ॲडव्हान्स आधीच दिल्याने हाती ५७,००० आहेत, त्यातले २०,००० चालू बिलांसाठी राखीव. म्हणजे भट्टीआधी किमान ५४,००० हवेत. रोख असेल तर शेडमध्ये संध्याकाळी सहा ते आठ, खजिनदारांकडेच, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. खाते क्रमांक ग्रामपंचायतीसमोरच्या फलकावर. देणगीवर आयकर सवलत (८०-जी) नाही, कृपया विचारू नये. बाहेरगावच्यांनी पैसे पाठवल्यावर ग्रुपवर नाव टाकावं, नाहीतर कुणाचे ते कळत नाही. हिशेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचला जातो. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांच्यासाठी काम आहे : साचा भरायच्या दिवशी सहा धडधाकट माणसं, कास्टिंग आणायला एक ट्रॅक्टर-ट्रॉली (डिझेल मंडळाचं), आणि आठ फुटी लेथवर दोन दिवस मोकळे असलेले टर्नर. चप्पल घालून साच्याजवळ येऊ देणार नाही, बूट घालून यावं.

आपला नम्र,
सचिव, मंडळातर्फे

ता. क. : कुणाच्या खळ्यात, विहिरीवर किंवा बंद जिनिंगमध्ये जुनी ब्लो लॅम्प, पितळी ऑइल कप किंवा ग्रीस कप, जाड पिचाची चेन पडलेली असेल तर भंगारात घालू नये. निरोप द्या, आम्ही येऊन घेऊन जाऊ आणि पावतीवर वस्तूचं नाव लिहून देऊ.