पँगाँगवरचे पिवळे गोळे

प्रिय दिन्या,

पुतण्याने लेहहून सांगितलेली लडाखातल्या पँगाँग तलावावरच्या उजेडाची गोष्ट तू 'फौजी गप्पा' म्हणून उडवून लावलीस. गप्पा नाहीत रे. प्रकरण खरं आहे, शिवाय आपल्या जुन्या, आकाशदर्शनाच्या छंदातलं आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

२०१२चा ऑगस्ट. तलावाजवळच्या थाकुंग भागातल्या लष्कराच्या आणि आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या) जवानांना रात्री पिवळसर गोळे दिसायला लागले. चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर यायचे, तीन ते पाच तास संथपणे आकाशातून सरकायचे आणि दिसेनासे व्हायचे. ड्रोनचा संशय आला. येणारच! समोर भारत-चीनमधली प्रत्यक्ष ताबारेषा, आणि पहाऱ्यावरच्या माणसाला 'असेल काहीतरी' म्हणून पाठ फिरवता येत नाही. लष्कराने फिरतं रडार आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (रेडिओ संदेश टिपणारं यंत्र) डोंगरावर चढवला. गोळा डोळ्यांना लख्ख दिसतोय आणि रडारचा पडदा कोरा! टेहळणीचं ड्रोन वर पाठवलं, तेही त्याला गाठू शकलं नाही. वर्तमानपत्रांना मेजवानीच मिळाली. हे ग्रह नव्हेत असं शास्त्रज्ञांचं मत आहे, असंसुद्धा नोव्हेंबरात छापून आलं.

मला आवडतो तो पुढचा भाग. लडाखातल्या हानलेची वेधशाळा चालवणाऱ्या बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे प्रश्न गेला. तिथले तुषार प्रभू यांनी नंतर सांगितलं, की या वस्तू आकाशस्थ आहेत की पृथ्वीवरच्या, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. ते ठरलं नोंदींवरून. ऑगस्ट ते फेब्रुवारी तब्बल ३२९ वेळा गोळे दिसल्याची नोंद होती, आणि त्यांतल्या १५५ वेळा त्यांनी ताबारेषा ओलांडली होती. (हसू नकोस. कडाक्याच्या थंडीत, चार हजार मीटरच्या वर उभं राहून कुणीतरी त्या लिहिल्यात.) जुलै २०१३मध्ये उत्तर जाहीर झालं: एक गुरू, दुसरा शुक्र.

आता तूच ताडून बघ. तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो, महिन्याला दोन तास. गुरूचंही साधारण तसंच. एवढ्या शिस्तीत ड्रोन कोण उडवतो? गुरू तेव्हा वृषभेत, रोहिणीच्या शेजारी होता. डिसेंबरच्या सुरुवातीला प्रतियुती, म्हणजे इकडे सूर्य मावळला की तिकडे पूर्वेला हा हजर. शुक्र त्या शरदात पहाटेचा, तोही पूर्वेला. आणि तिथून पूर्व म्हणजे चीन! हवा विरळ आणि कोरडी, आसपास दिवा नाही; अशा आकाशात गुरू किती अंगावर येतो ते आपण भंडारदऱ्यालाच पाहिलंय, लडाखात काय होत असेल! आणि साठ कोटी किलोमीटरवरच्या गोळ्याचा प्रतिध्वनी त्या रडारला कुठून मिळायचा?

तरी 'शुक्र होता' एवढं म्हटलं की झालं, असं मात्र नाही. १९४८च्या जानेवारीत केंटकीत कॅप्टन थॉमस मॅन्टेल आकाशातल्या एका चकाकत्या वस्तूमागे विमान घेऊन वर वर गेला आणि विमान कोसळून मेला. अमेरिकी हवाई दलाने आधी शुक्राचंच नाव पुढे केलं. भर दुपारी! पुढे तो नौदलाचा गुप्त 'स्कायहूक', म्हणजे खूप उंचावर सोडला जाणारा संशोधनाचा बलून असावा, असं मानलं जाऊ लागलं. तिथे शुक्र हा मागाहून चिकटवलेला खुलासा होता. आपल्याकडे तो महिनोन्‌महिन्यांच्या नोंदींतून निघाला, आणि श्रेय द्यायचंच तर मी आधी त्या नोंदी लिहिणाऱ्या जवानांना देईन. त्यांना वेड्यात काढणारे लेख वाचून माझं डोकं फिरतं.

एक काम कर. आप्पांच्या माळ्यावर जुनी पंचांगं अजून असतील, तर शके १९३४चं शोध आणि भाद्रपद ते पौष या महिन्यांच्या पानांचे फोटो पाठव. गुरू-शुक्राच्या रोजच्या स्थिती त्यात असतील. उगवण्याच्या वेळा मीच काढतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन