बदलीचा अर्ज मी केलेला नाही

सोलापूर, २३ नोव्हेंबर

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे सांगायला गेले की आई रडते आणि बाबा "घे, तूच बोल" म्हणून फोन तिच्याकडे देतात, म्हणून लिहितेय. बदलीचा अर्ज मी केलेला नाही. चिपळूणची जागा रिकामी होती, मुदत गेल्या शुक्रवारी संपली. विसरले वगैरे नाही, केला नाही.

कारण विचाराल. कारण खालच्या मजल्यावर राहतं. वय बहात्तर, आणि दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतं.

इथं आले तेव्हा सगळ्यांनी जुळे सोलापूरला फ्लॅट बघा म्हणून सांगितलं होतं. शाखेत चालत जाता यावं म्हणून मी अशोक चौकाच्या मागे खोली घेतली. पहिले दोन महिने तुम्हाला "मजेत आहे" सांगायचे ना, ते खोटं होतं. रात्री मागांची खटखट, गल्लीत सगळं बोलणं तेलुगू. रविवारी दुधाच्या पिशवीपलीकडे कुणाशी शब्द नाही.

मग पाणी. इथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि नेमकं मी बँकेत असताना. वाशिष्ठीच्या पुरात घर भिजलेल्या माणसाला बादलीभर पाण्यासाठी रजा टाकावी लागते, बाबा! एके संध्याकाळी आले तर जिन्याखालचं माझं पिंप काठोकाठ भरलेलं. शेजारी पांढऱ्या केसांची बाई उभी. "बिड्डा, तुझा पाणी मी भरला." मला वाटलं, बिडी देतेय. मी घाईघाईनं म्हटलं, "नको नको, मी ओढत नाही." ती कठडा धरून हसत सुटली. बिड्डा म्हणजे लेकरू. त्या दिवसापासून मी बिड्डा आणि ती अम्मा.

नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, पुढे काही वर्षांत तोही गेला. मुलगा भिवंडीला असतो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला येतो, दोन दिवस राहतो. घर उभं राहिलं ते विड्यांवर. भिजवलेलं पान, त्यावर पत्र्याचा मापाचा तुकडा ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक नखानं आत दाबायचं आणि दोरा. तरुणपणी रोजच्या हजार व्हायच्या. आता पाचशेला संध्याकाळ होते. बघून बघून मीही एकदा वळली, तर म्हणाली, "हे ओढणारा भांडायला येईल."

वास येतो का? येतो. माझ्या साड्यांनाही येतो आता. ती खोकते, मी दवाखान्यात चल म्हणते, ती टीव्हीचा आवाज वाढवते. सोलकढी दिली तर एक घोट घेऊन वाटी सरकवली, "ह्यानं अंगाला काय लागणार?" तिची अंबाडीची भाजी मात्र मला भाकरीबरोबर रोज चालेल.

गेल्या आठवड्यात तिच्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला गेलो होतो. पीएफची पेन्शन, महिन्याला १,००० रुपये. २०१४ मध्ये ठरलेली किमान रक्कम, अजून तीच. मशीनवर अंगठा ठेवला, नाही. तर्जनी, नाही. दहाही बोटं झाली. तिथला पोरगा म्हणाला, "आजी, तुमच्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत." पानं आणि दोरा, पन्नास वर्षं. अम्मा त्याला म्हणाली, "मी बोलायलेय, ते दिसंना का तुला?"

घरी आणून मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढला. त्यात डोळे मिचकवावे लागतात. अम्मा डोळे ताणून बसली, फोटोत डोळे मिटायचे नसतात म्हणे. चार वेळा फसलं. शेवटी मी समोर बसून मिचकावले, तशी तिनं माझी नक्कल केली आणि झालं.

आई, एक तुला सांगायचंय. माझ्या मोडलेल्या संसाराबद्दल तिनं एकदाच विचारलं. "मारायचा?" मी म्हटलं, नाही. "मग? बोलायचा नाही?" मी म्हटलं, हो. तिनं पुढचं पान कापायला घेतलं. एवढंच. सात वर्षांत हे तुला सांगता आलं नाही. तूही विचारायचं टाळत होतीस, मला कळत होतं.

बदली पुढच्या वर्षी बघू. तुम्ही दोघं भांडायला तरी एकमेकांना आहात.

संक्रांतीला इकडेच या, गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा बघायला. सिद्धेश्वराच्या काठ्या, म्हणजे उंच नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना जातात, आणि अक्षता सोहळ्यात सगळं शहर लग्नाला आल्यासारखं अक्षता टाकतं. नवरदेवाच्या जागी सिद्धेश्वराचा योगदंड असतो, आई, तेव्हा तिथं तरी माझ्या लग्नाचा विषय काढू नकोस. खोली एकच आहे, पण अम्मा म्हणाली बाबांना खाली झोपू दे. टीव्ही तिथंच आहे, म्हणजे बाबांची काळजी मिटली.

येताना आमसुलं आणू नका, तिला देऊन बघितली. फणसपोळी आणा, जरा जास्त. दात चारच उरलेत, पण तोंडात धरून दुपारभर चघळते.

तुमची,
मनू